सहाशे अंशांवर बाहेर काढलेली चकती

जुलैच्या एका दुपारी थर्माकोलच्या वाटीत द्रव नायट्रोजन खदखदत होता आणि त्यात एक काळी चकती बुडवलेली होती. चकती गार होत गेली तशी खदखद थांबली, म्हणजे ती ७७ केल्विनला, शून्याखाली १९६ अंश सेल्सिअसला पोचली. मग निओडायमियमचा हरभऱ्याएवढा लोहचुंबक प्लास्टिकच्या चिमट्याने वर धरून सोडला. तो चकतीवर जाऊन टेकला. उचलला, पुन्हा सोडला, पुन्हा टेकला. टीवायच्या वर्गातली मुलं मोबाइल काढून सभोवती उभी होती, ती एकेक करून आपापल्या बाकावर जाऊन बसली. पत्र्यावरच्या पावसाचा आवाज तेवढा राहिला.

फोंडा तालुक्यातल्या एका कॉलेजात मी भौतिकी शिकवतो. हे प्रकरण त्या एका चकतीचं आहे. त्या थंडीत ती अतिवाहक व्हायला हवी होती, म्हणजे तिचा विजेला होणारा रोध शून्य व्हायला हवा होता आणि लोहचुंबक तिच्यावर अधांतरी तरंगायला हवा होता. वर्गाने तिला बिघडलेली ठरवलं होतं. मला मात्र तिच्याइतकं दुसऱ्या कुठल्याच नमुन्याने शिकवलेलं नाही, म्हणून घडलं तसं सगळं लिहितो.

चकती कशी केली

पदार्थ म्हणजे इट्रियम, बेरियम, तांबं आणि ऑक्सिजन यांचं संयुग. धातूंचं प्रमाण १:२:३ असल्यामुळे प्रयोगशाळेत सगळे त्याला ‘वन-टू-थ्री’ म्हणतात. अतिवाहकता १९११ साली पाऱ्यात सापडली, तीही ४.२ केल्विनला, आणि पुढची ७५ वर्षं ती द्रव हेलियमच्या थंडीतच अडकून पडली. १९८६ मध्ये बेडनॉर्झ आणि म्युलर यांना झुरिकच्या आयबीएम प्रयोगशाळेत लँथॅनम-बेरियम-तांब्याच्या ऑक्साइडमध्ये ३० केल्विनच्या वर अतिवाहकता दिसली. १९८७ च्या सुरुवातीला ह्यूस्टनचे पॉल चू आणि अलाबामाचे मॉ-क्वेन वू यांच्या गटांनी इट्रियमच्या भाऊबंदात, म्हणजे वन-टू-थ्रीमध्ये, ती ९३ केल्विनपर्यंत नेली. ७७ च्या वर गेल्यामुळे हे काम द्रव नायट्रोजनमध्ये करता येऊ लागलं, आणि नायट्रोजन आमच्यासारख्या कॉलेजलाही परवडतो. गावातल्या शेतकऱ्याला तो पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या कृत्रिम रेतनाच्या कॅनमुळे ठाऊक असतो. आम्ही दहा लिटरचा कॅन गाडीत दोरीने बांधून, भर पावसात खिडक्या उघड्या ठेवून आणतो. बंद गाडीत नायट्रोजन साचला तर श्वासाला ऑक्सिजन उरत नाही.

प्रकल्प दोघांचा होता: वाळपईहून रोज बसने येणारी एक मुलगी आणि माशेलचा एक मुलगा. दहा ग्रॅम मिश्रणासाठी इट्रियम ऑक्साइड १.५१ ग्रॅम, बेरियम कार्बोनेट ५.२९, कॉपर ऑक्साइड ३.२०. अकीकाच्या खलात दोन तास घोटायचं, ९०० अंशांच्या वर भाजायचं, पुन्हा घोटायचं, पुन्हा भाजायचं. बेरियम कार्बोनेटातला कार्बन डायऑक्साइड पुरता निघून जाईपर्यंत हे चालतं. मग हायड्रॉलिक प्रेसमध्ये १५ मिलिमीटरची चकती दाबायची आणि ९४० अंशांवर ती पक्की करायची. शेवटची पायरी सगळ्यात संथ. ऑक्सिजनचा प्रवाह चालू ठेवून सावकाश निववायचं आणि ४५० अंशांवर बारा तास थांबायचं. ही पायरी इतकी महत्त्वाची का, हे मुलांना मी फळ्यावर सांगितलं होतं. माझं सांगणं किती वरवरचं होतं ते पुढे कळलं.

संशय कशाकशावर गेला

पहिला संशय पावसावर, आणि गोव्यात तो जाणारच. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस, जून ते सप्टेंबर हवा इतकी ओली की वहीची पानं चिकटतात. वन-टू-थ्रीला पाणी सोसत नाही. ओल लागली की बेरियम हायड्रॉक्साइड सुटतं, ते हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन कार्बोनेट होतं आणि पृष्ठभागावर पांढरी बुरशीसारखी साय येते. आमच्या डेसिकेटरमधली सिलिका जेल गुलाबी झालेली होती, म्हणजे तिची ओल शोषायची ताकद संपली होती, आणि चकतीच्या कडेला थोडी पांढुरकी साय खरोखरच होती. प्रयोगशाळेत ज्यांना सगळे ‘बाब’ म्हणतात त्या आमच्या जुन्या सहाय्यकांनी बारीक पॉलिश पेपरने कड घासली. आत स्वच्छ काळा रंग निघाला. हिरवी छटा कुठेच नव्हती. हिरवी छटा दिसली असती तर २:१:१ प्रमाणाचं दुसरं, अतिवाहक नसलेलं संयुग तयार झालंय असं समजलो असतो. वजनांच्या नोंदी पुन्हा तपासल्या, त्या बरोबर होत्या. ओल होती, पण वरवर होती. तेवढ्याने अख्खी चकती मुकी होत नाही.

मग रोध मोजायचं ठरलं. चकतीची एक पट्टी कापली, तीही पाणी न लावता, पातळ करवतीने. सिल्व्हर पेस्टने चार बारीक तारा चिकटवल्या. बाहेरच्या दोन तारांतून १० मिलिअँपिअर प्रवाह सोडायचा आणि आतल्या दोन तारांमधलं व्होल्टेज वाचायचं, म्हणजे जोडांचा स्वतःचा रोध मोजमापात शिरत नाही. व्होल्टेज असतं काही शे मायक्रोव्होल्ट. एवढ्या लहान आकड्यात तारांच्या टोकांमधल्या तापमानफरकाने उपजणारं व्होल्टेजही गोंधळ घालतं, म्हणून प्रत्येक वाचनाला प्रवाहाची दिशा उलटवून सरासरी घ्यायची. तापमानासाठी पट्टीला टेकवलेला प्लॅटिनमचा पीटी-१०० संवेदक, नायट्रोजनच्या तापमानाला जो सुमारे २० ओहम दाखवतो.

पट्टी नायट्रोजनच्या बाष्पात इंचाइंचाने खाली सोडत दोघांनी दोन दिवसांत आलेख काढला. ७७ केल्विनलाही रोध शून्य झाला नव्हता. मग स्टीलच्या भांड्यातल्या नायट्रोजनवरची हवा रोटरी पंपाने खेचून तो आणखी गार केला. ६३ केल्विनला तो गोठतो, त्याच्या जरा अलीकडे थांबायचं. ७० च्या आसपास रोध घसरू लागला आणि ६५ ला निम्म्याहून खाली आला. म्हणजे चकती अतिवाहक होती, पण तिचं संक्रमण, म्हणजे अतिवाहक होण्याचं तापमान, नायट्रोजनच्या उत्कलनबिंदूच्या खाली होतं. लोहचुंबक तरंगत नव्हता याचं कारण मिळालं.

मुलगा खूश झाला. मुलगी झाली नाही. आलेखाच्या वरच्या भागावर तिने पट्टी ठेवून पेन्सिलने रेघ ओढली होती. ३०० केल्विनपासून खाली येताना बिंदू त्या रेघेवर नीट बसत होते. २०० च्या आसपास ते रेघ सोडून हळूहळू खाली वळत होते. संक्रमण तर त्याच्या कितीतरी खाली, ७० ला. “सर, इथे काय होतंय?” तिने विचारलं. संवेदक मागे पडत असेल, पट्टी भरभर गार झाली असेल, असं मी म्हणालो. तिने तोच आलेख वर जाताना, निम्म्या वेगाने, पुन्हा काढून आणला. वळण तिथेच. जोड काढून नव्याने लावले. वळण तिथेच.

नोंदवहीतली एक ओळ

उत्तर भट्टीच्या नोंदवहीत होतं. बाबांनी ती वही आणून माझ्यासमोर ठेवली आणि एका तारखेवर बोट ठेवलं. त्या तारखेच्या शेवटी मुलाच्या अक्षरात एक ओळ होती: “लाईट गेली. ऑक्सिजन बंद केला. ६०० ला बोट बाहेर काढली.”

त्या संध्याकाळी मी कॉलेजात नव्हतो. चकती ९४० वरून निवत असताना वीज गेली. मुलाने नियमाप्रमाणे सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद केला. मग त्याला भीती वाटली की वीज आली की आमच्या भट्टीचा कंट्रोलर कार्यक्रम पहिल्यापासून सुरू करेल आणि रात्रभर कोणी नसताना चकती पुन्हा ९४० वर जाईल. भीती खरी होती, आमचा कंट्रोलर तसंच करतो. बॅटरीवरच्या मीटरने थर्मोकपल वाचत तो तासभर थांबला, आकडा ६०० वर आला तेव्हा लांब चिमट्याने ॲल्युमिनाची बोट, म्हणजे चकती ठेवलेली छोटी तबकडी, ओढून विटेवर ठेवली आणि जे केलं ते प्रामाणिकपणे लिहून ठेवलं. ती ओळ त्याने लिहिली नसती तर आम्ही पुढचा महिना ओलीशीच झगडलो असतो. म्हणून त्या मुलाला मी वर्गासमोर शाबासकी दिली.

वन-टू-थ्रीमध्ये ऑक्सिजनचं प्रमाण ठरलेलं नसतं. रेणुसूत्रात ते ६ पासून ७ पर्यंत कुठेही असू शकतं, आणि तापलेलं स्फटिक भोवतीच्या हवेशी ऑक्सिजनची सतत देवघेव करत असतं. तापमान जितकं जास्त तितका कमी ऑक्सिजन आत टिकतो. सावकाश निववलं तर तो परत आत शिरतो आणि ६.९ च्या वर पोचतो. सहाशे अंशांवरून एकदम बाहेर काढलं की जेवढा त्या क्षणी आत आहे तेवढाच कोंडला जातो. उरलेल्या भुकटीचं आम्ही रसायनशास्त्र विभागात आयोडीन-थायोसल्फेटचं टायट्रेशन केलं. स्टार्चचा निळा रंग जाईपर्यंत थेंब मोजत बसायचं काम बाबांनीच केलं. उत्तर आलं ६.६०, मागेपुढे ०.०४. धातू तेच, रचना जवळपास तीच, फक्त दर रेणुसूत्रामागे एक तृतीयांश ऑक्सिजन अणू कमी. तेवढ्याने संक्रमण ९२ वरून ७० च्या खाली येतं, आणि २०० केल्विनला ते वळण उगवतं.

इलेक्ट्रॉनांचं काय होतं

स्फटिकात तांबं आणि ऑक्सिजन यांचे सपाट थर असतात. प्रत्येक तांब्याच्या चार बाजूंना चार ऑक्सिजन, जाळीच्या चौकटीसारखे. खरी हकिकत या थरांत घडते. थरांच्या मधल्या भागात तांबं-ऑक्सिजनच्या साखळ्या असतात, आणि येणारा-जाणारा ऑक्सिजन या साखळ्यांतला. साखळीत ऑक्सिजन भरला की तो थरातून इलेक्ट्रॉन ओढून घेतो आणि थरात रिकाम्या जागा, म्हणजे होल, तयार होतात. ऑक्सिजन काढला की इलेक्ट्रॉन थरात परततात.

आता ऑक्सिजन पुरता ६ वर आणला तर काय होतं ते पाहा. थरातल्या प्रत्येक तांब्यावर हिशेबाने एकेक बिनजोडीचा इलेक्ट्रॉन येतो. पाठ्यपुस्तकातल्या ऊर्जापट्ट्यांच्या सिद्धांताने हा धातू असायला हवा. प्रत्यक्षात तो पक्का विसंवाहक असतो. मुलांना मी रायबंदर–चोडण फेरीबोटीचं उदाहरण देतो, कारण सकाळच्या गर्दीत त्यांतल्या अनेकांनी ती पकडलेली आहे. बोटीवर स्कूटर अशा खेटून लागतात की कोणालाच हलता येत नाही. दोन स्कूटर एका जागेत मावत नाहीत आणि रिकामी जागा कुठे नाही. इलेक्ट्रॉनांचंही तसंच. एकाच तांब्यावर दोघांनी बसायचं तर त्यांच्या परस्पर प्रतिकर्षणाची किंमत कित्येक इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे, म्हणून जो तो आपल्या जागी. मात्र जागी बसूनही ते शेजाऱ्याकडे दुर्लक्ष करत नाहीत. प्रत्येकाचा चुंबकी काटा, म्हणजे स्पिन, शेजाऱ्याच्या उलट उभा राहतो. शेजाऱ्यांमधली ही ओढ सुमारे ०.१२ इलेक्ट्रॉनव्होल्टची, तापमानात मोजायची तर दीड हजार केल्विनच्या आसपासची. आपल्या मोजमापाच्या सगळ्या तापमानांहून ती कितीतरी मोठी आहे.

एक स्कूटर उतरली की मागची पुढे सरकते, तिच्यामागची तिच्या जागी येते, आणि पाहणाऱ्याला रिकामी जागाच मागे मागे जाताना दिसते. होल असाच चालतो. फरक इतकाच की तो चालला की वाटेतल्या उलट-सुलट स्पिनांची मांडणी मोडते. प्रत्येक पावलाला शेजाऱ्यांशी तंटा. तांब्याच्या साध्या तारेत इलेक्ट्रॉन एकमेकांना जवळपास विसरून चालतात. इथे एकाची चाल बाकी सगळ्यांच्या मांडणीवर अवलंबून असते. म्हणूनच १९५७ चा बार्डीन-कूपर-श्रीफर सिद्धांत, ज्याने इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जमतात हे दाखवून जुन्या अतिवाहकांचा उलगडा इतका सुंदर केला, तो इथे तसाच्या तसा लावता येत नाही. तो एका सुस्वभावी धातूपासून सुरू होतो, आणि इथे तो धातूच समजून घ्यायचा बाकी आहे. १९८७ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ फिलिप अँडरसन यांनी नेमका हाच मुद्दा पुढे केला की अतिवाहकतेचं मूळ या अडून बसलेल्या, स्पिनांच्या जोड्या बांधलेल्या विसंवाहकात शोधा. त्याच वर्षी भारतीय भौतिकशास्त्रज्ञ गणपती बास्करन त्यांच्यासोबत या विचाराला गणिती रूप देण्यात होते. बास्करन यांचं नाव मी वर्गात मुद्दाम सांगतो.

तांब्यामागे होलांची संख्या ०.१६ च्या आसपास असली की संक्रमण तापमान सर्वात वर असतं. आमची बिघडलेली चकती ०.१२ च्या आसपास असणार. ऑक्सिजन ६.९ च्या चांगल्या नमुन्यात रोध खोलीच्या तापमानापासून संक्रमणाच्या जरा वरपर्यंत जवळपास सरळ रेषेत घटतो. ही सरळ रेघ दिसायला साधी, पण तिचा अर्थ लावताना अजूनही लोक अडखळतात. या कुळातल्या लँथॅनमवाल्या संयुगात ती हजार केल्विनपर्यंत जाते. तिथे हिशेब केला तर दोन टकरींमधलं इलेक्ट्रॉनचं अंतर अणूंच्या अंतराहून कमी निघतं. म्हणजे इलेक्ट्रॉन धावतो, आदळतो, पुन्हा धावतो हे चित्रच तिथे मोडतं. टकरींमधला काळही जवळपास तेवढाच येतो जेवढा प्लांकचा स्थिरांक आणि तापमान मिळून ठरवतात: ३०० केल्विनला एका सेकंदाच्या चाळीस लाख-कोटी भागांतला एक भाग. पदार्थाचा तपशील त्यात जणू उरतच नाही. शिकवताना दरवेळी मी या ठिकाणी थांबतो.

आणि मग कमी होलांच्या बाजूचं ते वळण. १९८९ पासून चुंबकी अनुस्पंदनाच्या मोजमापांत दिसत होतं की कमी ऑक्सिजनच्या नमुन्यात संक्रमणाच्या कितीतरी वरच स्पिनांचा प्रतिसाद मंदावू लागतो. १९९६ मध्ये प्रकाशाने इलेक्ट्रॉन उडवून त्यांची ऊर्जा आणि दिशा दोन्ही मोजणाऱ्या प्रयोगांत हे थेट दिसलं. अतिवाहक होण्याआधीच काही दिशांच्या इलेक्ट्रॉनांना ऊर्जेची दरी पडलेली असते, म्हणजे ठरावीक ऊर्जांवर त्यांना जागाच कमी उरते. तिला स्यूडोगॅप म्हणतात. दरी सगळ्या दिशांना सारखी नसते. तांबं-ऑक्सिजन बंधांच्या दिशेने धावणाऱ्यांना ती खोल असते, जाळीच्या कर्णाच्या दिशेने धावणाऱ्यांना नसते.

इथे मुलीने विचारलेला प्रश्न मला आजही आठवतो. “बंधांच्या दिशेचे इलेक्ट्रॉन दरीत गेले म्हणजे वाहून नेणारे कमी झाले. मग रोध वाढायला हवा. आपला तर रेघेच्या खाली गेलाय.” वीस वर्षं शिकवताना हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. उत्तर असं की वीज मुख्यतः कर्णाच्या दिशेचे इलेक्ट्रॉन वाहून नेतात, तेच वेगवान असतात. त्यांची टक्कर ज्यांच्याशी होत होती ते बंधदिशेचे सोबती आणि स्पिनांची खळबळ दरीमुळे शांत झाली. गर्दी पांगली, चालणाऱ्याला वाट मिळाली, रोध अपेक्षेपेक्षा जास्त घटला. बहुतेक अभ्यासक या वळणाचं वाचन असंच करतात.

इलेक्ट्रॉनांची जोडी जमते तीही साध्या अतिवाहकांसारखी नाही. ॲल्युमिनियममध्ये एका जोडीचा पसारा सुमारे १६०० नॅनोमीटर, इथे थरात दीड-दोन नॅनोमीटर, म्हणजे तांब्याची चार-पाच घरं. शिवाय एकमेकांचा तिटकारा इतका की दोघं एका घरात कधी भेटत नाहीत. फुगडी घालणाऱ्या दोघींचे हात गुंफलेले असतात, पाय जवळ असतात आणि अंगं मात्र मागे झुकलेली असतात. जोडी टिकते ती त्या अंतरामुळेच. या जोडीच्या तरंगाचं चिन्ह एका बंधदिशेला धन, तिच्या काटकोनातल्या दिशेला ऋण, आणि कर्णावर शून्य. १९९४ मध्ये त्सुई आणि कर्टली यांनी वन-टू-थ्रीचे तीन स्फटिक-तुकडे ठरावीक कोनांत जुळवलेल्या पातळ थरात चुंबकी प्रवाहाचा अर्धा कण अडकलेला पाहिला. चिन्ह उलटत नसेल तर तो अर्धा तिथे असूच शकत नाही. स्यूडोगॅपची दरी जिथे खोल, तिथेच जोडीची दरीही खोल. म्हणून पुष्कळांना वाटतं की २०० केल्विनला वळण दिसतं तेव्हा जोड्या जमायला लागलेल्या असतात, फक्त त्यांचा ताल अजून जुळायचा असतो.

मला स्वतःला हे चित्र अपुरं वाटतं, आणि कारण आमच्या चकतीच्याच आसपासचं आहे. २०१२ मध्ये क्ष-किरणांच्या प्रयोगांनी वन-टू-थ्रीत विद्युतभाराची लाटांसारखी मांडणी दाखवली, आणि ती सर्वात ठळक असते तांब्यामागे ०.१२ होल असताना. संक्रमण जवळ आलं की ती अतिवाहकतेशी स्पर्धा करते. जोडी जुळण्याची वाट पाहणारे इलेक्ट्रॉन दुसऱ्याच रांगेतही उभे राहतात. त्याआधी २००७ मध्ये अतिशय तीव्र चुंबकी क्षेत्रात ६.५ ऑक्सिजनच्या स्फटिकात इलेक्ट्रॉनांच्या कक्षेचं मापन झालं होतं. कक्षा निघाली इलेक्ट्रॉनांना उपलब्ध असलेल्या जागेच्या जेमतेम दोन टक्क्यांची. वर्षभराने, भरपूर होल असलेल्या थॅलियमच्या भावंडात हेच मोजलं तर ६५ टक्के. तोच तांबं-ऑक्सिजनचा थर, आणि एका टोकाला इलेक्ट्रॉनांचं अख्खं आवार, दुसऱ्या टोकाला एवढासा कोपरा. मधल्या वाटेवर नेमकं काय फुटतं यावर अजून सगळ्यांचं एकमत नाही.

तीन पट्ट्या

आमच्या प्रयोगशाळेला यातलं काहीच थेट दिसत नाही, हे मी मुलांना स्पष्ट सांगितलं. मातीच्या भांड्यासारख्या दाणेदार चकतीत प्रवाह दाण्यादाण्यांच्या सांध्यांतून जातो, साखळ्यांचाही त्यात वाटा असतो, सगळ्या दिशा मिसळलेल्या असतात. २०० हा आकडा आपण छापायचा नाही. आपल्याला एकच गोष्ट तपासता येईल: वळण ऑक्सिजनचं आहे की आपल्या जोडणीचं.

चकतीतून आणखी दोन पट्ट्या कापल्या. पहिली तशीच ठेवली. दुसरी १५० अंशांवर सुकवून तोलली, ०.९४ ग्रॅम, आणि ऑक्सिजनच्या प्रवाहात ४५० अंशांवर दोन दिवस ठेवून तासाला वीस अंशांनी निववली. या वेळी भट्टीला इन्व्हर्टर जोडला होता आणि बाब दोन्ही रात्री आळीपाळीने आमच्यासोबत थांबले. परत तोलली तर वजन सुमारे सात मिलिग्रॅमनी वाढलं होतं. रेणुसूत्रामागे ०.३ ऑक्सिजन वाढला तर नेमकं तेवढंच वाढायला हवं. त्या तराजूच्या काचेसमोर आम्ही तिघं किती वेळ उभे होतो कोण जाणे.

त्याच संवेदकाने, त्याच तारांनी, त्याच वेगाने आलेख काढला. रोध ३०० पासून ११० केल्विनच्या आसपासपर्यंत पट्टीने आखल्यासारखा सरळ, मग थोडा गोलावा, ९२ ला कडा, ८८ ला शून्य. २०० वरचं वळण नाहीसं झालेलं. चवथीच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या दिवशी याच पट्टीवर तो हरभऱ्याएवढा लोहचुंबक सोडला. तो चार मिलिमीटर वर थांबला आणि बोटाने टिचकी मारली तसा जागच्या जागी फिरत राहिला. वर्ग पुन्हा उभा होता.

मुलगी मात्र अजून समाधानी नव्हती. तिसऱ्या पट्टीलाही आधी ऑक्सिजन देऊन सरळ रेघ मिळवा, मग तीच पट्टी उघड्या हवेत ६०० अंशांवर ठेवून मुद्दाम तशीच बाहेर काढा, असं तिचं म्हणणं. सुट्टी संपल्यावर ते केलं. पहिल्या अपघातात जे झालं तेच या वेळी ठरवून, भर उजेडात, हातमोजे घालून मुलानेच केलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला, तिची वाळपईची बस सुटायच्या बेतात असताना, बिंदू २०० च्या आसपास रेघ सोडून खाली वळू लागले. तिने आणखी चार बिंदू घेतले, तेवढी बस जाऊ दिली.

पहिली पट्टी अजून डेसिकेटरमध्ये आहे, नव्या निळ्या सिलिका जेलवर. तिच्या कुपीवर मुलाच्या अक्षरात फक्त एवढंच लिहिलंय: “६००, हवेत.”